दिलेली लेक

"दिलेलं दान परत घेतलं तर पाप लागतं की नाही, एवढंच सांगा महाराज."

माणिकराव टेकाळे टेकडी चढून आले होते. धाप लागली होती, तरी बसायच्या आधीच त्यांनी प्रश्न टाकला. उत्तर त्यांना ठाऊक होतं. फक्त ते महाराजांच्या तोंडून यायला हवं होतं, म्हणजे गावात कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नसती.

विश्वनाथ महाराज मठाच्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लागतं," ते म्हणाले.

माणिकरावांचा जीव भांड्यात पडला.

"मग हे हिला सांगा."

हिला म्हणजे कावेरीला, त्यांच्या थोरल्या लेकीला. ती खांबाला टेकून उभी होती. पायाशी कपड्यांची पिशवी. दिवाळीच्या तोंडावर तिचा नवरा गेला. दिवसकार्य उरकलं आणि दीर म्हणाले, पोर ना बाळ, आता तुझं इथं काय काम? ती माहेरी आली. माणिकरावांनी, तिच्या आबांनी, तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. मग बिचारी जाणार कुठं? तेव्हापासून ती मठात भाकऱ्या थापत होती.

"सासरी जमीन होती ना गं?" महाराजांनी विचारलं.

"सासऱ्यांच्या नावावर. मी नुसती खुरपली."

"अंगावरचं?"

"सासूबाईंच्या पेटीत. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीच काढून घेतलं. घरात राहील म्हणाल्या."

"घरातच राहिलं मग," महाराज म्हणाले.

माणिकरावांना हे विषयांतर वाटलं. ते पुढे सरकले.

"महाराज, अग्नीच्या साक्षीनं दिली मी ही. हातावर उदक सोडलं. त्या दिवशी ती त्यांची झाली. मी रीत मोडणारा माणूस नव्हे. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात. नऊ वर्षं झाली. घोटभर प्यालो नाही."

यात खोटं काही नव्हतं. भर वैशाखात गेले तरी सोयऱ्यांच्या ओट्यावरून लेकीची खुशाली विचारायची आणि कोरड्या घशानं मागे फिरायचं. सोयरे त्यांना नावाजत, गाव नावाजत असे. आणि खरं सांगायचं तर माणिकरावांना ते गोड लागे.

"ओट्यावरूनच?" महाराजांनी विचारलं.

"आत गेलं की तांब्या पुढं येतो. लेकीला नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणून आत पाऊलच टाकलं नाही."

"मग तिची चूल कुठली ते पाहिलंस?"

"नाही."

"निजायची कुठं?"

माणिकरावांनी लेकीकडे पाहिलं. आपली लेक नऊ वर्षं कुठल्या कोपऱ्यात निजत होती, हे आपल्याला माहीत नाही... त्यांच्या काळजात कळ आली. आणि कळ आली म्हणून रागही आला.

"कोठीत," कावेरी म्हणाली. "पोत्यांच्या बाजूला."

"सांगितलं नाहीस कधी!"

"तुम्ही ओट्यावर असायचा, आबा. शेजारी सासरे असायचे."

महाराजांनी आणखी एक शेंग तडकवली.

"दान कशाचं करता येतं रे?" महाराजांनी विचारलं.

"जे आपलं असतं त्याचं."

"शेरडू. भांडं. गोणीभर जोंधळा."

"हो."

"त्यातच ही?"

"काहीतरीच काय, महाराज!" माणिकरावांचा आवाज चढला. "पोटची पोर आहे ती!"

महाराजांनी दाण्यांची परडी बाजूला सारली.

"घसा कोरडा पडला तुझा. कावेरी, पाणी घाल आबांना."

कावेरीनं घागरीतून तांब्या बुडवून आणला. माणिकरावांनी न विचारता ओंजळ पुढं केली.

"चालतं का?" महाराज म्हणाले. "तिनं भरलंय."

"चालतं की. हे काय तिचं घर आहे?"

बोलून गेले, आणि मग त्यांना लेकीच्या तोंडाकडे बघवेना. कावेरी खाली मान घालून धार धरून होती. ओंजळ काठोकाठ भरली. त्यांनी ती तोंडाकडे नेली.

"थांब. पिऊ नकोस."

ते थांबले.

"दान करायची सवय आहे तुला. तसंच ते पाणी खाली सोड. म्हण, ओढ्याकाठचं निम्मं रान माझ्या कावेरीला दिलं."

माणिकरावांनी आधी महाराजांकडे पाहिलं, मग टेकडी उतरणाऱ्या वाटेकडे.

"ते... ते बाबूरावाचं आहे, महाराज."

"पोराच्या नावावर केलंस?"

"अजून नाही. पण त्याचंच ना ते. त्याला विचारावं लागेल. सून काय म्हणेल... आणि लेकीला रान दिलेलं आमच्या भावकीत कुणी ऐकलेलं नाही. उद्या सगळ्यांच्याच लेकी दारात येऊन उभ्या राहतील."

"मला रान नको, आबा," कावेरी घाईघाईनं म्हणाली. "दारात घ्या फक्त. मी तुमच्यावर भार होणार नाही. कामच करीन."

महाराजांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तो चढला.

"गप बस पोरी! काम तिथंही केलंस. दुसऱ्याचं दार आहे ते. उघडतो तोच लावतो."

कावेरीनं तांब्या खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही.

माणिकराव तसेच उकिडवे बसले होते. त्यांना लेकीची माया नव्हती असं कोण म्हणेल? तिला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा बाप होता तो. आता त्यांना ते पाणी पिता येईना, की सोडता येईना. पाणी बोटांच्या फटींतून गळून त्यांच्याच धोतरावर सांडायला लागलं.

"महाराज," ते हळूच म्हणाले, "थोडा वेळ द्या. असं बसल्या बैठकीला कसं... विचार करायला लागतो माणसाला."

महाराजांनी परडी पुन्हा जवळ ओढली. एक शेंग उचलली.

"लेक देताना एवढा वेळ लागला नव्हता तुला."