चौकातला कॅमेरा आणि हौसाबाई

शपथेवर सांगतो, हा प्रसंग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. म्हणजे, त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो. पण सांगणाऱ्यानं पाहिला, तेव्हा मीच पाहिल्यासारखं आहे.

आमच्या तालुक्याच्या जुन्या पेठेला उतरती कळा लागली होती. अर्धी दुकानं बंद, त्यात भरदिवसा बायकांची गंठणं ओढली जायची. पेठ सुधारायची म्हणून नव्या मुख्याधिकाऱ्यांनी काय करावं? चौकातले सगळे विक्रेते उठवले आणि खांबावर कॅमेरा लावला. आता काय म्हणावं या डोक्याला! चौकात चिटपाखरू फिरकेना, आणि आठव्या दिवशी कॅमेराच चोरीला गेला.

साहेबांनी सभा बोलावली. "दुसरा कॅमेरा लावू," ते टेबलावर हात आपटत म्हणाले, "आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवू!"

पोटापाण्याची जागा गेलेल्या, लिंबं-मिरच्या विकणाऱ्या हौसाबाई कपाळावर हात मारून उठल्या.

"अहो साहेब, बावीस वर्षं त्या चौकात बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवत होते. तुम्ही मला उठवून कॅमेरा बसवलात. आता कॅमेऱ्याला राखायला माणूस. त्या ओसाड चौकात त्या माणसाला कोण राखणार? शेवटी मलाच बोलवाल ना? मग एवढा खटाटोप कशाला, आजच बसते की!"

सभा खो खो हसली. साहेबांनी तिथल्या तिथं चौक विक्रेत्यांना परत दिला.

खरं सांगू? ते 'तिथल्या तिथं' माझ्या पदरचं. साहेबांनी समिती नेमली, समितीनं तीन महिने घेतले. हौसाबाई मात्र दुसऱ्याच दिवशी, कुणालाही न विचारता, चौकात पाटी मांडून बसल्या होत्या.