भिवराचं पळसाचं पान

एकदा काय झालं, बोडक्या डोंगराखाली पळसवाडी नावाचं गाव होतं. नाव पळसवाडी, पण पळस औषधालासुद्धा नव्हता बरं का! दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची आणि बापईमाणसं दूर वीटभट्टीवर जायची. दिवाळीला गावात नुसत्या बायका नि पोरं.

तिथं भिवरा राहायची. दिवाळीला घरधनी घरी असावा म्हणून तिनं सोळा सोमवार धरले. सोळा झाले, उद्यापन आलं. तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी.

"जेवते गं लेकी, पण पळसाच्याच पानावर."

"आजी, डोंगर बोडका. पान कुठून आणू?"

"डोंगरावर तोडलेल्या पळसाचे खुंट आहेत, ते मेलेले नाहीत. शेळी, कोयता नि विस्तव तेवढा वर जाऊ देऊ नका. पान झालं की येईन."

मग भिवरा घरोघर सांगत फिरली.

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मग शेळ्या काय तुझ्या पदराला बांधू?"

"गोठ्यात बांधा, जाऊबाई. चारा मी आणते."

आणि खरंच आणला हो, बांधाबांधानं हिंडून!

पहिल्या वर्षी खुंटांना फुटवे आले, बोटभर. दुसऱ्या वर्षी कमरेइतके. एका पत्रावळीपुरती पानं झाली. जाऊबाई म्हणाल्या, "तोड नि उरक उद्यापन! नवरा नको का घरी?" भिवराचा हात पुढे गेला. मग मागे आला. "कोवळं आहे अजून. जीव धरू दे."

त्या दिवाळीलाही ती एकटीच जेवली.

तिसऱ्या वर्षी डोंगर हिरवागार! गुडघाभर गवत, आटलेला झरा वाहता, पानं तर मोजवेनात. बायका पत्रावळी लावून बाजारात नेऊ लागल्या, शेळ्या दूध देऊ लागल्या. दसऱ्याला मुकादमाची गाडी आली, खूप वेळ थांबली आणि रिकामीच गेली.

दिवाळीला भिवराचा घरधनी तुळाजी ओट्यावर पत्रावळ लावत बसला होता. जाऊबाई हसल्या, "भाऊजी, हिच्यावर आमटी वाढली तर अंगणभर धावेल हो!"

पण म्हातारी आली ती नेमकी त्याच पत्रावळीवर बसली. पोटभर जेवली. थेंब सांडला नाही! ढेकर दिली, अन् दिसेनाशी झाली. पत्रावळ मात्र वर्षभर हिरवी राहिली.

भिवराला महादेव पावला, तशी सगळ्यांची माणसं घरी राहोत. चला, मिटा डोळे. तुमचे बाबाही निजलेत बघा शेजारी.