मापाऱ्याचा दोर

पूर्वी वेत्रवनाने झाकलेल्या डोंगराच्या पायथ्याशी शुभपूर नगरात राजा भद्रकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व मापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. खळ्यावर आलेले धान्य पायलीने मोजायचे, हे त्याचे काम. मापाऱ्यांची एक रीत असते. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे; मग दोन, तीन. तो 'लाभ' म्हणाला की खळ्याभोवतीचे लोक टाळ्या पिटत आणि राजाचा चेहरा खुले.

बोधिसत्त्वाने या रीतीला आपली एक जोड दिली होती. मोजणी संपली की तो राजविहिरीत दोर सोडी. दोराला हातहातभर अंतरावर गाठी होत्या. पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या, ते तो मोठ्याने सांगे. पहिल्या वर्षी पायल्या हजार, गाठी सात.

राजाने वेत्रवन तोडून डोंगरभर शेते केली. पायल्या दोन हजार झाल्या, गाठी अकरा. पुढे पायल्या तीन हजार, गाठी सोळा. डोंगराची माती पावसाबरोबर वाहून जात होती, झरे आटत होते. पण लोकांना पायल्यांचा आकडा गोड लागे, आणि गाठींचा ते कानामागे टाकीत. बोधिसत्त्वाला याचे फार वाईट वाटे. त्याच्या घरी नवी सून आली होती, आणि पुढे होणाऱ्या बाळालाही हेच पाणी प्यायचे होते.

एकदा राजा म्हणाला, "मापाऱ्या, भरल्या खळ्यावर तू दरवर्षी विरजण घालतोस. तो दोर घरी ठेव. तुला एक गाव इनाम देतो."

"महाराज, खळ्यावर आलं ते मी मोजतोच," बोधिसत्त्व म्हणाला. "पण ते जिथून आलं तिथं काय उरलं, तेही मोजायला नको का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

राजाला म्हण झोंबली. "मग जा, आडावरच बस!"

त्याने दोर जाळायला लावला, माप दुसऱ्याच्या हाती दिले आणि बोधिसत्त्वाला विहिरीवर पाणक्या नेमले. बोधिसत्त्वाने मन कडू केले नाही. पोहऱ्याच्या दोरालाही त्याने गाठी मारल्या. पाण्याला आलेल्या बायांना तो सांगे, "आज वीस झाल्या, बायांनो. घरी सांगा, डोंगरावर झाडं लावा." बाया हसत आणि घागर उचलून चालू लागत.

मग दोन वर्षे पाऊस रुसला. तसा तो पूर्वीही रुसे, पण तेव्हा रान झऱ्यांतून पाणी पुरवी. आता रानच नव्हते. आधी गुरे मेली, मग म्हातारी माणसे. सुनेला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. आईच्या अंगावर दूधच नव्हते. त्या दिवशी बोधिसत्त्व ओक्साबोक्शी रडला.

सुगी आली तेव्हा नवा मापारी केव्हाच पळाला होता. राजाने बोधिसत्त्वालाच बोलावले. त्याने खळ्यावरचे सगळे धान्य झाडून पायलीत भरले. पायली काठापर्यंतही भरली नाही.

"लाभ," तो म्हणाला.

कोणी टाळी वाजवली नाही. राजा वाट पाहत राहिला. "पुढचं म्हण."

"पुढं काही नाही, महाराज. पहिल्याला लाभच म्हणायचं असतं, म्हणून म्हणालो."

राजाने विचारले, "आणि गाठी?"

"गाठी संपल्या. पोहरा तळाला वाजतो."

राजा खळ्यातच खाली बसला. मग त्याने ती पायली बोधिसत्त्वापुढे सरकवली. "तू घेऊन जा," तो म्हणाला. नगर सोडून निघालेल्यांच्या पदरात बोधिसत्त्वाने ती मूठमूठ घातली. स्वतःसाठी त्याने पोहऱ्याचा गाठींचा दोर तेवढा घेतला, आणि सुनेचा हात धरून तो त्या लोकांमागून चालू लागला.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, विहार वाढवायला आम्रवन तोडा, असे आज सकाळी सुचवणारा भिक्षू सुदर्भ हा तेव्हाचा राजा. मापारी मी होतो. आणि 'लाभ' ऐकताच टाळ्या पिटणारे लोक, ते तुम्ही. आलेले मोजताना गेलेलेही मोजणे, याला प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, म्हणतात."