मुंगळ्याचा कडक पहारा

फार पूर्वी एका वारुळात मुंग्यांनी पावसाळ्याची बेगमी साठवली होती. दारावर मुंगळा पहारा करी. परवलीचा शब्द सांगेल त्यालाच आत प्रवेश! मुंगळा कडक खरा, पण समोरचा चुकला की त्याला राहवत नसे.

एकदा मिशा सावरत एक झुरळ आलं.

“शब्द?” मुंगळ्याने दरडावलं.

“साखर,” झुरळाने ठोकून दिलं.

“चूक! पण गोडच आहे.”

“मध?”

“अरे, उसाच्या रसाचा करतात तो!”

“गूळ?”

“शाब्बास! जा आत.”

झुरळाने बेगमीवर ताव मारला. मुंग्यांचा आरडाओरडा ऐकून राणीमुंगी बाहेरून धावत आली. “मेल्या, त्याला आत कुणी सोडलं?”

“मीच. शब्द अचूक सांगितला त्याने,” मुंगळा तिच्या वाटेत आडवा होत म्हणाला. “तुम्ही मात्र अजून सांगितला नाहीत, राणीसाहेब.”