मिठाचा दोर

एका राज्यात राजवाड्याच्या पूर्वेला मिठाचे तळे होते. उन्हाळा आला की पाणी आटे, काठाकाठाने मीठ फुले, आणि ज्याला हवे तो येऊन टोपलीभर घेऊन जाई. त्या मिठावर ना कोणाचा पहारा होता, ना कोणाची मालकी. काठावर एक टिटवी राहत असे. ती माणसांसारखी बोले. पण सांगण्याजोगे काही नसले तर गप्प बसे, म्हणून लोक तिला शहाणी म्हणत.

पुढे एक साल असे आले की शत्रू वेशीशी येऊन ठेपला. राजा नीलध्वज तेव्हा नुकता गादीवर आला होता. खजिना रिता, शिपाई उपाशी, आणि उपाशी शिपाई रोज दहा-वीस करून पांगत चाललेले. तेव्हा नगरशेठ रत्नपाळाने आपल्या घरची चांदी उंटांवर लादून राजवाड्यात धाडली. शत्रू हटला. राजाने उपकाराची फेड म्हणून मिठाचे तळे एका वर्षापुरते रत्नपाळाच्या स्वाधीन केले. यात वाईट कोणाच्याच मनात नव्हते. वर्ष सरले, पण शिपाई तर अजून हवेच होते, आणि त्यांच्यासाठी शेठाची चांदीही. दुसरे वर्ष सरले. तिसऱ्या वर्षी तळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण उभे राहिले, आणि मीठ रत्नपाळाच्या दुकानात चिमटीने विकले जाऊ लागले.

त्याच साली राज्यातल्या माणसांच्या आसवांतला खारेपणा गेला.

आधी कोणाच्या ध्यानात आले नाही. आसू ओठांवर ओघळला की विहिरीच्या पाण्यासारखा लागे, इतकेच. पण त्या खारेपणाबरोबर आणखीही काही गेले होते. कितीही रडले तरी मन हलके होईना. ज्यांच्या घरी मरण झाले ती माणसे उंबऱ्यावर येऊन बसत, आणि बसल्या जागी गार पडू लागत. आधी पावले, मग गुडघे, मग कंबर. डोळे उघडे, श्वास चालू, तोंडून शब्द नाही. गल्लीगल्लीत दोन-चार उंबऱ्यांवर अशी माणसे बसलेली दिसत. पोरे त्यांना वळसा घालून खेळत. कावळे त्यांच्या खांद्यांवर बसून पंख साफ करत. गारठा काळजाला भिडला की श्वासही थांबे.

या राज्यात जिवाई नावाची बाई राजाची दवंडी पिटत असे. नवरा गेल्यावर त्याची हलगी तिने गळ्यात अडकवली होती. तिचा आवाज खणखणीत होता. चौकात बोलली की वेशीवरची गुरे माना वळवत. तिची एकुलती लेक आवडाई. आवडाईचे तान्हे मूल तीन महिन्यांचे होऊन दगावले, आणि दहाव्या दिवशी ती उंबऱ्यावर जाऊन बसली. जिवाई रोज सकाळी लेकीच्या पायांवरून तळवा फिरवी आणि गारठा कोठवर आला ते पाही. काजळाने खूण करून ठेवी. खूण रोज बोटभर वर सरके.

लोक म्हणत, काळ्या डोंगरावर एक जादूगार राहतो; राजाही त्याच्या मुठीत, शेठही त्याच्या मुठीत, हे सारे त्याचेच करणे. बाजारात हे बोलत, देवळात बोलत. राजाचाही तसाच समज होता आणि रत्नपाळाचाही. राजाने त्या जादूगाराला मारायला तीन वेळा तीन वीर धाडले. तिघेही रक्ताळलेली तलवार घेऊन परतले, तिघांना सोन्याची कडी मिळाली, तीनदा गावजेवण झाले. उंबऱ्यावरची माणसे मात्र उठली नाहीत. लोक म्हणाले, त्याच्या जागी दुसरा आला असणार.

चौथ्यांदा दवंडी पिटायची आज्ञा झाली. जिवाईने ती चौकात पिटली. कोणी पुढे आले नाही. त्या सकाळी आवडाईच्या पायावरची खूण मांडीच्या वर गेली होती. जिवाईने हलगी गळ्यातून काढली आणि ती स्वतःच दरबारात जाऊन उभी राहिली.

राजा सिंहासनावर बसला होता. तो कित्येक महिन्यांत तिथून उठला नव्हता, असे दासदासी कुजबुजत. त्याच्या गुडघ्यांवर भर उन्हाळ्यात जाड शाल होती. त्याने बसल्या जागेवरून जिवाईला तलवार दिली आणि यशस्वी हो म्हणाला.

तळ्याच्या कुंपणापाशी टिटवीने तिला हटकले. जिवाई म्हणाली की जादूगाराचे डोके उडवायला निघाले आहे.

“ते किती वेळा उडवणार?” टिटवीने विचारले.

जिवाईने तलवार या हातातून त्या हातात घेतली.

“तलवार ने,” टिटवी म्हणाली. “पण आधी विचार आणि मग उगार. तुझ्याआधीच्या तिघांनी उलटे केले.”

काळ्या डोंगरावर भर दुपारी पोहोचावे लागते, कारण इतर वेळी त्याची वाट दिसत नाही. तिथे झाडाला सावली नव्हती आणि पाखराला आवाज नव्हता. जिवाईला तिचीच पावले मागून कोणी चालत असावे तशी ऐकू येत होती. माथ्यावर एक गुहा होती. गुहेत एक हडकुळा म्हातारा ताकाचा वाडगा पुढे घेऊन बसला होता, आणि त्याच्या मागच्या भिंतीत तीन कोनाडे होते. प्रत्येक कोनाड्यात एक डोके होते. तिन्ही डोकी त्या म्हाताऱ्याचीच होती. ती जिवाईकडे पाहत होती, आणि ती चालली तसे त्यांचे डोळे फिरत होते.

म्हाताऱ्याने ताक संपवले, मान पुढे केली. “डावीकडून मार,” तो म्हणाला. “उजवीकडचे अजून दुखते.”

जिवाईने तलवार जमिनीवर टेकवली. “आधी विचारायचे आहे. आमच्या आसवांचे मीठ तू नेलेस काय?”

म्हाताऱ्याने मान सरळ केली. त्याला आजवर कोणी काही विचारले नव्हते. तो म्हणाला, मला एकच जादू येते. डोके उडवले की दुसरे उगवते. तुमच्या राज्याची सूत्रे माझ्या हाती असती, तर मी इथे शेळीच्या ताकावर दिवस काढले असते काय? तुम्हाला कोणीतरी डोंगरावर बसलेला हवा असतो, म्हणून मी आहे.

“तिघांनी मला कापले,” पहिल्या कोनाड्यातले डोके म्हणाले.

“राज्यात काय बदलले?” दुसऱ्याने विचारले.

 तिसरे नुसते हसले, आणि ते हसणे जिवाईला पुढे कित्येक दिवस दिसत राहिले.

मग म्हाताऱ्याने तिला तीन कामे सांगितली. राजाच्या सिंहासनाखाली हात घाल आणि जे लागेल ते चाख. शेठाच्या गादीखाली हात घाल आणि जे लागेल ते चाख. तिसरी जागा अशी, की जिथे हात घालायला तुला सर्वांत जड जाईल; ती मी सांगणार नाही, तुला आपोआप कळेल. आणि जे सापडेल ते तलवारीने तुटायचे नाही. ज्याच्याकडे त्याचे टोक असेल, त्याने भर चौकात सांगावे की मला काय मिळाले आणि त्यासाठी मी कशाकडे पाठ फिरवली. मगच ते टोक सुटेल.

जिवाईने तलवार तिथेच ठेवली आणि ती डोंगर उतरली.

तिने राजाला सारे सांगितले आणि सिंहासनाखाली हात घालायची परवानगी मागितली. राजाने मान डोलावली. सिंहासनाखाली तिच्या हाताला काहीतरी खरखरीत लागले. मनगटाएवढा जाड, पांढरा दोर होता, मिठाचा. तिने बोट जिभेला लावले. ती चव तळ्याच्या मिठाची नव्हती, आसवांची होती. दोराला कान लावला तर आतून दूरवरच्या रडण्याचा आवाज येत होता, जसे काही शेकडो बायका बंद दाराआड रडत आहेत. राजाने शाल दूर केली. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत मिठाचे झाले होते.

“मला वाटे, शेठ हा दोर ओढतो आहे,” राजा म्हणाला. “सोडला तर तो चांदी आवरेल. चांदी गेली की शिपाई जातील. मग या राज्याचे काय?”

दोर फरशीतून खाली गेला होता. जिवाई रस्त्यात वाकून जमिनीला कान लावीत चालली. पायांखालचे रडणे तिला वाट दाखवत होते. ते तिला थेट रत्नपाळाच्या हवेलीत घेऊन गेले.

रत्नपाळ गादीवर लोडाला टेकून बसला होता, आणि त्याच्याही कमरेभोवती शाल होती. जिवाईने काय हवे ते सांगितले तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. इतक्या दिवसांनी कोणी विचारले याचे त्याला हायसेच वाटले असावे. गादीखाली तोच दोर, तीच चव, तेच रडणे. तो स्वतः कमरेपर्यंत पांढरा पडला होता. तो सांगू लागला की राजाच हा दोर ओढतो आहे असे मला वाटते. आणि मी सोडला, उद्या राजा बदलला, तर नवा राजा आधी माझी हवेली लुटेल.

जिवाईला तेव्हा उमगले. ओढत कोणीच नव्हते. दोघेही नुसते धरून बसले होते.

तिसरी जागा तिला डोंगर उतरतानाच कळली होती. म्हणूनच ती हवेलीतून निघून आधी देवळाकडे वळली, मग सरदाराच्या वाड्याकडे, मग कोतवालीकडे. जाड दोराचे बारीक फाटे सगळीकडे गेले होते. एक फाटा देवळाच्या सोन्याच्या कळसापर्यंत चढला होता. एक सरदाराच्या घोड्यांच्या पागेत गेला होता. कुठे बोटाएवढा, कुठे सुताएवढा. जिथे फाटा दिसला तिथे तिने म्हाताऱ्याचे बोलणे सांगितले. दिवस कलला, जायला जागा उरली नाही, तेव्हा ती घरी आली.

आवडाई उंबऱ्यावर बसली होती. तिच्या पावलांखाली, उंबऱ्याच्या दगडाखाली, जिवाईने हात घातला. केसाएवढा एक धागा होता. तो घरात शिरून चुलीमागच्या बरणीत गेला होता. दवंडीवाली म्हणून जिवाईला दर महिन्याला शेठाच्या दुकानातून मूठभर मीठ फुकट मिळे, ते त्या बरणीत असे. पहिल्या साली लोकांनी तिला विचारले होते, तळे वर्षापुरतेच ना? तिने होय म्हटले होते. तिसऱ्या साली तिला सांगितले गेले की आता ‘कायमचे’ असे म्हण. तिने तेही खणखणीत आवाजात म्हटले होते. कोणी तिला धमकावले नव्हते.

तिने धागा चाखला. ती आवडाईची आसवे होती. हे तिला कसे कळले ते कोणाला सांगता येणार नाही, आईला कळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात हलगी वाजली. लोक गोळा झाले. जिवाई म्हणाली, “ऐका हो ऐका. ही दवंडी राजाची नाही, माझी आहे. मला दर महिन्याला मूठभर मीठ मिळत गेले. त्यासाठी तुमचे तळे कायमचे गेले असे मी तुम्हाला सांगितले, आणि ते खोटे आहे हे ठाऊक असून परत कधी बोलले नाही.”

तिच्या घराच्या दिशेने तार तुटावी तसा आवाज झाला. आवडाईच्या पायाची बोटे हलली.

 काही जण तिच्याकडे पाहून थुंकले. मग पुजारी पुढे आला आणि त्याने कळसाचे सांगितले. सरदाराने घोड्यांचे सांगितले, पण मान वर केली नाही. कोतवालाला दोनदा सुरुवात करावी लागली. एकेक फाटा तुटत गेला, आणि प्रत्येकाबरोबर जमिनीखालचे रडणे थोडे वर येत गेले. शेवटी जाड दोर तेवढा राहिला.

शिपायांनी राजाला सिंहासनासकट उचलून आणले. हमालांनी रत्नपाळाला गादीसकट आणले. दोघांना समोरासमोर ठेवले.  राजा म्हणे, आधी शेठाने बोलावे. शेठ म्हणे, आधी राजाने बोलावे. ऊन डोक्यावरून उतरू लागले आणि मीठ राजाच्या मांड्यांवर चढू लागले, शेठाच्या छातीशी आले. लोकांना ते चढताना दिसत होते. करकर असा बारीक आवाज येत होता. तरी आधी कोणी बोलेना.

जिवाई राजाजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “महाराज, शत्रू आला तेव्हा तुम्ही सर्वांच्या पुढे उभे होता. तेव्हाही भीती होतीच.”

राजाने डोळे मिटले. मग तो बोलला. “मला शिपाई मिळाले. त्यासाठी मी तुमचे तळे देऊन टाकले. ते परत मागण्याची मला भीती वाटली, आणि त्या भीतीला मी राज्याची काळजी म्हणत आलो.”

रत्नपाळाचा आवाज फुटत नव्हता. मीठ गळ्याशी आले होते. “मला तळे मिळाले,” तो म्हणाला. “मी राजाला लागेल ते देत राहिलो, म्हणजे मला कोणी काही विचारू नये. उंबऱ्यावरची माणसे मी रोज पाहत होतो.”

दोर तुटला. धरणी हलली, रस्ता मधोमध फाटला, आणि त्यातून मिठाची पांढरी धूळ उठली ती वेशीपर्यंत पसरली. माणसांना माणसे दिसेनाशी झाली. त्या पांढऱ्या अंधारात आधी एक हुंदका ऐकू आला, मग दहा, मग उंबऱ्याउंबऱ्यावरून रडणे उठले. जिवाई चाचपडत घरी पोहोचली. आवडाई आपल्या बाळाचे नाव घेऊन आक्रोश करत होती. आईने तिला पोटाशी धरले. दोघी उजाडेपर्यंत तशाच बसून राहिल्या, आणि सकाळी आवडाईने पाणी मागितले.

ज्यांचा श्वास आधीच थांबला होता, ती माणसे परत आली नाहीत. राजाच्या पायांत बळ आले, पण चाल पूर्वीसारखी झाली नाही. तो पुढे काठी घेऊनच चाले. काही शिपाई पळाले, पुष्कळसे राहिले. काही लोक हवेली लुटायला गेले होते. दारात रत्नपाळ एकटाच बसून आपले सुन्न पाय चोळत होता, ते पाहून परत फिरले. तळ्याचे काटे उपटले गेले. राजाला जो कोणी काही देईल त्याने ते भर दुपारी चौकात सांगून द्यावे, आणि राजाने त्याला काय दिले तेही तिथेच सांगावे, असा नियम झाला. तो मोडणारे निघालेच. पण विचारणारेही निघत राहिले.

असे ते तळे ज्यांचे त्यांना मिळाले. सांगणाऱ्याची कथा सरली. ऐकणाऱ्यांच्या पानातले मीठ कधी न सरो.