उजव्या हाताचं पान

एकदा एका मठात एक वृद्ध आचार्य राहत. वार्षिक उत्सवाच्या पंगतीत त्यांच्या उजव्या हाताचं पान ज्याचं, तोच पुढं गादीवर बसणार, असा तिथला रिवाज. अकरा वर्षं सेवा केलेल्या थोरल्या शिष्याला ते पान आपलंच वाटे. आणि का वाटू नये? अकरा वर्षं राबलेल्या मुनिमालाही शेटजींच्या बैठकीकडे पाहून तसंच वाटतं.

पण त्या वर्षी आचार्यांनी तिथं येसूला बसवलं. ही मठाचा गोठा सारवणारी, गावकुसाबाहेरची विधवा. इतरांना दिवसात जमणारं काम शिकायला तिला महिना लागे. तिच्या पानावर पडणारी तुपाची धार शिष्य डोळ्यांनी मोजत राहिला.

शेवटी त्यानं विचारलंच, "हिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

"उद्या सांगतो," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिष्य जेवायला बसला, तर वाढप्यानं हात जोडले: आधी पाहुणे बसू द्या. पुढच्या पंगतीत संसारी मंडळींचा मान निघाला. तिसरीत गावकऱ्यांसाठी या परगावच्याला उठवलं. चौथी बसायच्या आत भांडी खरवडल्याचा आवाज आला. संतापून तो आचार्यांकडे गेला.

"कोणी उठवलं तुला?"

त्याला एकाचंही नाव घेता येईना. प्रत्येकानं एकदाच, तेही गोड बोलून उठवलं होतं.

"मीच सांगितलं होतं त्यांना," आचार्य म्हणाले. "येसूला बाई म्हणून पुरुषांमागं बसवतात, बायकांत विधवा म्हणून मागं, आणि विधवांतही जातीमुळं दूर. जो तो समजतो, आपण एकदाच तर उठवलं. तू निदान भांडायला आलास आणि मी ऐकलं. तिनं तोंड उघडलं की म्हणतात, खुळी आहे, तिला काय कळतं. काल तिला जवळ बसवलं, कारण माझ्या शेजारून तिला उठवायची कोणाची छाती नव्हती."

शिष्याचा मत्सर लगेच निवला असं नाही. अकरा वर्षांची आशा ती. पण तो गोठ्याकडे गेला आणि म्हणाला, "येसूबाई, तुम्हाला कुठून कुठून उठवलं, ते मला सांगा."

येसूनं सारवणं थांबवलं. "सगळं?"

"सगळं."

ती सांगू लागली. मध्येच तिचा धागा सुटे, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शिष्य उपाशीपोटी ऐकत बसला, आणि तिचं एकही वाक्य त्यानं स्वतः पुरं केलं नाही.