घळीत बसलेली माणसं

फार जुनी गोष्ट. लेकरांनो, तुम्ही ऐकाच. आणि मोठी माणसं आसपास असतील तर त्यांनीही कान इकडे करावेत, कारण गोष्ट जास्त करून त्यांचीच आहे.

एका राज्यात लढाई पेटली. गावंच्या गावं उठली आणि नदी ओलांडून पलीकडच्या राणीच्या मुलखात आली. राणी दयाळू होती. तिनं माळावर छावणी वसवून दिली, धान्याच्या गाड्या धाडल्या. "लढाई थांबली की जातील बिचारे परत," ती म्हणाली. लढाई कसली थांबतेय! छावणीत जन्मलेल्या पोरींची छावणीतच लग्नं झाली, तरी माणसं आपली माळावरच.

राणीच्या दिवाणजींनी एक नियम घालून दिला होता. निराधार बाईला पुरतं माप, घरात धट्टाकट्टा पुरुष असेल तर अर्धं. ऐकायला बरा वाटतो नियम. पण आसपासच्या गावांत या परक्यांना कुणी कामाला उभं करत नव्हतं, मग अर्ध्या मापात घर कसं भागायचं? म्हणून छावणीनं आपली एक रीत पाडली. गाड्यांची धूळ दिसली, की बाप्ये मागच्या घळीत जाऊन बसायचे. बायका बांगड्या उतरवायच्या, कुंकू पुसायच्या आणि फाटकं लुगडं नेसायच्या. हे फाटकं लुगडं मुद्दाम राखून ठेवलेलं असायचं, बरं का! सणाच्या लुगड्याला कुणी इतकं जपत नसेल.

हौसा याच छावणीतली. तिचा नवरा सुभाना. गावाकडे त्याच्यासारखा नांगर धरणारा दुसरा नव्हता. त्यानं नांगरानं ओढलेलं सरळसोट तास बघायला म्हातारी माणसं बांधावर येऊन उभी राहत. पहिल्या खेपेला त्याच्यादेखत कपाळ पुसताना हौसा अर्ध्यावरच थांबली.

"पूस," सुभाना मान वळवून म्हणाला. "पोरं उपाशी आहेत."

मग सवय झाली. कशाची होत नाही?

एकदा हौसानं पालामागे घोसाळ्याचा वेल लावला. वेल चांगला फोफावला, फुलांवर आला. छावणीतली थोरली आक्का धावत आली. "अगं बये, उपट तो! उद्या गाड्या यायच्यात. हिरवं दिसलं तर म्हणतील, यांचं यांना पिकतंय. तुझ्यापायी सगळ्यांचं माप कापतील." हौसानं वेल उपटला आणि वाळक्या पाल्याखाली लपवला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढे राजधानीतून एक चितारी आला. त्यानं चित्रासाठी हौसाला निवडलं. "हसू नकोस बाई. गाडगं पुढे धर, रिकामं दिसू दे." ते चित्र राजधानीतल्या देवळासमोर लागलं. लोक बघून रडले, मूठ सैल सोडून दान करू लागले. गाड्या वाढल्या, छावणी खूश झाली. सुभाना मात्र गाड्या नसतानाही घळीत जाऊन बसू लागला.

"अहो, निदान नदीवर मासे तरी धरा," हौसा म्हणायची.

"कुणी बघितलं तर?" तो म्हणायचा. ती थकली होती हो, अगदी थकून गेली होती.

अशी वर्षं गेली, आणि एक दिवस राणी स्वतःच छावणीत आली. "नव्या तळ्याखाली जमीन पडीक आहे," ती म्हणाली. "जो कसेल त्याची. मला कसणारे हात हवेत."

हौसा हातातलं गाडगं खाली ठेवून ऐकू लागली. आपली जमीन! हा माळ सुटेल, ही घळ सुटेल. ती पुढे झाली. "राणीसाहेब, आम्हांला द्या. आम्ही कसू."

राणीनं तिला ओळखलं. "अगं, तू चित्रातली ना? तुला कसं झेपेल बाई? घरात पुरुष नाही."

आक्कानं मागून तिचा पदर ओढला. "गप! सगळ्यांच्या पोटावर पाय आणतेस!"

हौसानं पदर सोडवून घेतला. "आहे पुरुष. हे कपाळ खोटं आहे, राणीसाहेब. नियम तुमचा, खोटेपणा आमचा. माझा नवरा नांगर धरतो, एकदा बघा तरी!" आणि जिनं उखाण्याबाहेर कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिनं घळीकडे तोंड करून हाक मारली, "सुभाना! वर या! जमीन मिळतेय!"

दिवाणजी संतापले. राणीनं त्यांना हातानंच थांबवलं. घळीतून बराच वेळ कुणी आलं नाही. मग एकटा सुभाना वर आला, उन्हात डोळे किलकिले करत.

"नांगर धरतोस म्हणे?" राणीनं मायेनं विचारलं. "जमीन देऊ?"

नुसतं 'होय' म्हणायचं होतं. हौसा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. सुभानानं घोडे पाहिले, शिपाई पाहिले. घळीच्या काठावरून इतकी वर्षं त्याला एकच गोष्ट दिसली होती, आणि तोंडाशी तीच आली. बायका पदर पसरतात तसं त्यानं उपरणं पसरलं.

"मायबाप, दोन दाणे जास्त द्या."

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिवाणजी, नियम राहू द्या बाजूला. या घराला दीड माप सुरू करा," ती म्हणाली, आणि निघून गेली. तळ्याखालची जमीन दुसऱ्या गावच्या लोकांना मिळाली.

"नशीब काढलंस गं!" आक्का म्हणाली. हौसा धान्याकडे वळली. नवऱ्यावर रागवायचं, तर कुठल्या तोंडानं? पसरायला तो तिच्याकडे बघूनच शिकला होता. तिनं धान्य उचललं आणि जात्यावर जाऊन बसली.

तात्पर्य : ज्या दानाला वाकलेलीच माणसं दिसतात, ते दान ताठ माणसांनाही वाकायला शिकवतं, आणि मग हात दिला तरी त्यांना उठता येत नाही.